पेगइंटरफेरॉनचा उपचार चालू असताना खचत जाणारे मन: घरच्यांनी काय करावे?

शिक्षिका_बडोदे

माझ्या यजमानांना हिपॅटायटिस बी आहे आणि त्यांना पेगइंटरफेरॉन या विषाणूविरोधी औषधाची इंजेक्शने चालू आहेत. आठवड्यातून एक याप्रमाणे ४८ आठवड्यांचा हा उपचार असून सध्या तिसरा महिना संपत आला आहे. रक्तातील विषाणूचे प्रमाण उतरते आहे आणि यकृताचे डॉक्टर प्रगतीवर समाधानी आहेत. मला विचारायचे आहे ते यजमानांच्या मनःस्थितीविषयी, कारण गेल्या महिन्याभरात त्यांचा स्वभाव इतका बदलला आहे की आम्ही सगळेच घाबरून गेलो आहोत.

सुरुवातीच्या इंजेक्शनांनंतर रात्री थंडी वाजून ताप यायचा आणि अंग ठणकायचे. त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, पॅरासिटामॉल कधी व किती घ्यायचे हेही सांगितले होते, आणि तो त्रास हळूहळू ओसरलाही. त्यानंतर जे सुरू झाले त्याबद्दल मात्र आम्हाला कोणी सावध केले नव्हते. यजमानांचे खंडेराव मार्केटच्या बाजूला छोटेसे दुकान आहे. रात्री रोजमेळ पुरा केल्याशिवाय ते कधी पानावर बसत नसत. परवा मी ती वही उघडली, तर पानापानावर त्यांच्या अक्षरात तारीख घातलेली होती आणि त्याखाली एकही आकडा नव्हता. पहाटे तीन-साडेतीनला त्यांना जाग येते आणि मग उजाडेपर्यंत ते खुर्चीत नुसते बसून राहतात. कमाटीबागेत सकाळी फिरायला जाणे बंद झाले आहे. जेवताना मुलीने काही विचारले तर तिच्यावर खेकसतात आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

घरातील वातावरणाचाही यात वाटा असावा असे मला वाटते. सासूबाईंनी काळजीपोटी त्यांचे ताट, वाटी आणि भांडे वेगळे केले आणि ओळखता यावे म्हणून ताटाच्या काठाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला. त्यांच्या मनात वाईट काहीच नाही, पण दोन्ही वेळा तो ठिपका यजमानांच्या डोळ्यांसमोर येतो. शिवाय गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी असल्यामुळे यकृताचा आजार म्हटला की हा माणूस चोरून पीत असणार, असा अर्थ लोक परस्पर काढून मोकळे होतात. यजमानांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि तरीही ते आता नातेवाइकांकडे जायचे टाळतात.

हे सगळे इंजेक्शनामुळे होत आहे की आजाराच्या काळजीमुळे, हे कसे ओळखायचे? ते स्वतः म्हणतात की इंजेक्शने बंद करून टाकू. निम्म्या वाटेवर उपचार सोडला तर आजवरचे सहन केलेले वाया जाईल, अशी मला भीती वाटते, आणि चालू ठेवला तर मनाचे काय होईल, याचीही तितकीच भीती वाटते. ज्यांनी यातून मार्ग काढला आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त_फिजिशियन

ताई, तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की उत्तर देणे सोपे जाते. मी बडोद्यात बरीच वर्षे रुग्ण पाहिले, आता निवृत्त आहे. येथे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, पण त्यांच्याशी काय बोलायचे हे त्यावरून ठरवता येईल.

इंटरफेरॉन हे आपले शरीर विषाणूंविरुद्ध स्वतःच तयार करते असे प्रथिन आहे. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी लंडनमध्ये ते शोधले. फ्लू झाला की अन्नावरची वासना उडते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही आणि अंथरुणातून उठवत नाही. ही अवस्था बऱ्याच अंशी याच जातीच्या रसायनांनी मेंदूला दिलेल्या संदेशातून येते. फ्लूमध्ये ती चार-पाच दिवसांत उतरते. पेगइंटरफेरॉन मात्र आठवडाभर रक्तात टिकावे असेच बनवलेले आहे, त्यामुळे तोच संदेश मेंदूला महिनोन्‌महिने मिळत राहतो. शिवाय त्याच्यामुळे शरीरातील एक विकर (एन्झाइम) जास्त काम करू लागते आणि ज्या ट्रिप्टोफॅन या अन्नघटकापासून मनःस्थिती सांभाळणारे सेरोटोनिन तयार व्हायचे ते दुसऱ्याच मार्गाला वळते. नैराश्य येण्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून तुमच्या यजमानांना ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगून उपयोग होणार नाही. त्यांची जिद्द कमी पडलेली नाही.

लक्षणांचा क्रमही साधारण ठरलेला असतो. थकवा, भूक मंदावणे आणि अंगदुखी पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतात. उदासी, चिडचिड, अस्वस्थता आणि लक्ष न लागणे ही लक्षणे नंतर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोके वर काढतात. हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन घेतलेल्या रुग्णांमध्ये साधारण चौघांपैकी एकाला उपचारादरम्यान खरे नैराश्य आल्याचे आढळले होते आणि त्यातील बहुतेकांना ते पहिल्या १२ आठवड्यांत आले होते. हिपॅटायटिस बीमध्ये हे प्रमाण कमी आहे, पण तुम्ही वर्णन केलेले चित्र अगदी त्याच वळणाचे आहे. चिडचिडीकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे उदास माणूस म्हणजे गप्प बसलेला माणूस, अशी समजूत असल्यामुळे खेकसणारा माणूस आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

पुढच्या भेटीची वाट न पाहता याच आठवड्यात यकृताच्या डॉक्टरांना भेटा आणि रोजमेळाच्या कोऱ्या पानांसकट हे सारे सांगा. दोन तपासण्या अवश्य मागा. पहिली टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कारण इंटरफेरॉनमुळे थायरॉइड बिघडू शकतो आणि मंदावलेला थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. दुसरी रक्ताची संपूर्ण तपासणी, कारण पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन यांवरही या औषधाचा परिणाम होतो. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे. नैराश्य सौम्य असेल तर इंजेक्शनाची मात्रा सहसा बदलत नाहीत, पण दर आठवड्याला विचारपूस करतात. मध्यम असेल तर १८० मायक्रोग्रॅमची मात्रा कमी करून १३५ किंवा ९० वर आणता येते. तीव्र असेल तर इंजेक्शन थांबवून मानसोपचार तातडीने सुरू करावा लागतो. थांबवायचे की चालू ठेवायचे हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. तो रात्री तीन वाजता खुर्चीत बसून घ्यायचा नसतो, हे यजमानांना माझ्या वतीने सांगा. उपचार थांबवावा लागलाच, तरी हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर या रोज घ्यायच्या गोळ्यांचा मार्ग उपलब्ध असतो, म्हणजे सर्व वाया जाईल ही भीतीही खरी नाही.

आणि तो लाल ठिपका आजच पुसून टाका. हिपॅटायटिस बी रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. २००९ मध्ये साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे या आजाराची मोठी साथ आली आणि कित्येकांचे प्राण गेले, तेव्हाही वापरलेल्या सिरिंजा आणि सुया पुन्हा वापरणे हेच कारण निघाले होते. सासूबाईंना हे उदाहरण सांगा, ते गुजरातमध्ये अनेकांना आठवत असते. घरातील सर्वांनी रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी तीन मात्रांची लस पूर्ण करावी. यजमानांचा वस्तरा, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे यंत्र तेवढे वेगळे असू द्यावे.

सूरसागर_काठ

मला हिपॅटायटिस सी होता आणि २०११ च्या सुमारास मी पेगइंटरफेरॉनबरोबर रिबाव्हिरिनच्या गोळ्याही घेतल्या होत्या. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. भारतात जास्त आढळणारा तिसऱ्या प्रकारचा विषाणू असल्यामुळे माझा उपचार २४ आठवड्यांचा होता. काही मित्रांना ४८ आठवडे घ्यावा लागला.

ताई, तुम्ही चिडचिडीबद्दल लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मला स्वतःला मी उदास आहे असे एकदाही वाटले नाही. मला वाटायचे की घरातील सगळे मुद्दाम मोठ्या आवाजात बोलतात, भांडी आपटतात आणि माझ्या दुखण्याची कोणाला पर्वा नाही. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी डोके फुटेल असे वाटे. आतून दिसणारे चित्र आणि बाहेरून दिसणारे चित्र इतके वेगळे असते की रुग्णाला ‘तुम्हाला काय होते’ असे विचारून डॉक्टरांना अर्धीच माहिती मिळते. माझी पत्नी प्रत्येक भेटीला बरोबर येत असे आणि मी बाहेर बसल्यावर ती डॉक्टरांशी पाच मिनिटे स्वतंत्रपणे बोलत असे. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आज मला वाटते की उपचारातील सर्वांत उपयोगी पाच मिनिटे तीच होती, कारण माझे हिमोग्लोबिन रिबाव्हिरिनमुळे घसरले आहे आणि मी रात्री झोपत नाही, या दोन गोष्टींची सांगड तिच्या सांगण्यावरून घातली गेली. रिबाव्हिरिनची मात्रा कमी झाली, सेर्ट्रालीनची छोटी गोळी सुरू झाली आणि साधारण तीन आठवड्यांनी मला पहिल्यांदा सलग झोप लागली.

एक व्यावहारिक सूचना करतो. इंजेक्शनाचा वार असा निवडा की दुसऱ्या दिवशी कामाचा ताण नसेल. मी शनिवारी रात्री घेत असे आणि रविवार पूर्ण रिकामा ठेवत असे. दुकान असेल तर साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्री घेता येईल. वार बदलायचा असेल तर डॉक्टरांना विचारून बदला.

अलकापुरी_आजी

मी या विषयातील जाणकार नाही, परंतु आमच्याकडे मन अस्वस्थ असले की अश्वगंधा चूर्ण दुधातून देतात आणि झोपही चांगली लागते. गोळ्यांची सवय लागण्यापेक्षा हे बरे नव्हे का? त्याबरोबर गुळवेलीचा काढा यकृतालाही चांगला, असे ऐकले आहे.

फार्मासिस्ट_रावपुरा

आजी, तुमच्या सांगण्यामागील माया समजते, पण या रुग्णाला कृपया यातील काहीही देऊ नये. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातून आणि परदेशातूनही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. गुळवेलीबाबत तर कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, मुंबईतील डॉक्टरांनी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. रोज काढा पिणाऱ्या काही जणांना कावीळ झाली होती. निरोगी माणसाचे यकृत कदाचित निभावून नेईल. ज्याच्या यकृताला आधीच सूज आहे आणि ज्याच्या प्रत्येक तपासणीवरून डॉक्टर औषध ठरवत आहेत, त्याच्या रक्तातील एन्झाइम वाढले तर ते विषाणूमुळे वाढले की काढ्यामुळे, हे कोण सांगणार?

दुकानात रोज जे पाहतो त्यावरून आणखी लिहितो. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या सेर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, घबराट असे त्रास होऊ शकतात, म्हणून हळूहळू कमी करतात, इतकेच. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून निम्मे लोक पाकीट परत घेऊन येतात. याउलट, शेजाऱ्याकडून मागून आणलेली झोपेची गोळी मात्र यकृताच्या रुग्णासाठी खरोखर धोक्याची असते. नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि इंटरफेरॉनने प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असू शकतात. ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध यकृताच्या आजारात टाळतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना यकृताची फाइल अवश्य बरोबर न्या आणि परत येताना त्यांची चिठ्ठी यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील असे गृहीत धरू नका, कागद तुम्हीच फिरवायचे.

दांडियाबाजार_वाडा

माझ्या थोरल्या भावाला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया आहे आणि पुढे हिपॅटायटिस सीचेही निदान झाले. त्या काळात मानसिक आजाराचा इतिहास असलेल्या रुग्णाला इंटरफेरॉन देणे धोक्याचे मानले जाई, आणि ते योग्यच होते, पण त्याचा अर्थ आमच्यासाठी असा झाला की भावाच्या यकृतावर काहीच उपचार होणार नाही. तो ओसरीवर बसून विचारायचा, ‘माझं डोकं खराब म्हणून माझं लिव्हरही सोडून द्यायचं का?’ आईकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांकडेही नव्हते.

मग हिपॅटायटिस सीवरचे सोफोस्बुव्हिर हे गोळीच्या रूपातील नवे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाले आणि २०१५ मध्ये भारतात आले. भारतीय कंपन्यांनी ते परवान्याखाली तयार केल्यामुळे किंमत खूप उतरली. पुढे २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत हिपॅटायटिस सीची औषधे मोफत मिळू लागली. भावाने सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या १२ आठवडे घेतल्या. ना इंजेक्शन, ना ताप, ना मनःस्थितीत काही बिघाड. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे तो बरा झाला.

मात्र एक गोष्ट थोडक्यात टळली. भावाला जुन्या औषधांबरोबर कार्बामॅझेपिनही चालू होते आणि हे औषध सोफोस्बुव्हिरचा परिणाम इतका कमी करते की दोन्ही एकत्र देत नाहीत. यकृताच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडायला सांगितली म्हणून ते लक्षात आले. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध बदलून भावाची स्थिती स्थिर होऊ दिली आणि मगच उपचार सुरू झाला. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन यांनाही हाच नियम लागू आहे. ज्यांच्या घरी हिपॅटायटिस सीचा रुग्ण मानसिक आजारामुळे उपचाराविना बसून आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जुना नकार अंतिम समजू नका आणि पुन्हा जाऊन विचारा.

रावपुऱ्याची_सून

विषयाला धरूनच एक सावधगिरीची सूचना. माझ्या मावसासऱ्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे खराब होऊन कठीण होण्याचा आजार, होता. ते दिवसा झोपायचे, रात्री जागे असायचे, बोलणे संथ झाले होते, आणि आम्ही सर्वांनी ते निराश झाले आहेत असे धरले. प्रत्यक्षात यकृत नीट काम करत नसल्यामुळे शरीरातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचत होती. डॉक्टरांनी हात पुढे ताणून पंजे वर करायला सांगितले तेव्हा ते पंख फडफडल्यासारखे हलत होते. लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारे औषध सुरू झाल्यावर ते काही दिवसांत पूर्ववत बोलू लागले. ज्यांचे यकृत फार खराब झालेले आहे त्यांच्यात झोपेचे चक्र उलटे झाले किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर मानसोपचाराच्या आधी यकृताच्या डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

शिक्षिका_बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरकाका, तुम्ही लिहिल्याप्रमाणे आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइड मंदावला आहे, आणि त्याची गोळी सुरू झाली आहे. पण मानसोपचारतज्ज्ञांचे म्हणणे असे की केवळ थायरॉइडने एवढे होणार नाही. त्यांनी गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न असलेला एक कागद दिला. यजमानांनी चष्मा लावून, दुकानाचे बिल तपासावे तितक्या काळजीपूर्वक एकेक खूण केली. नवव्या प्रश्नावर पेन थांबले. मग त्यांनी ‘काही दिवस’ या रकान्यात खूण केली आणि कागद माझ्याकडे न देता थेट डॉक्टरांकडे सरकवला. २७ पैकी एकूण गुण १६ आले.

नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयीचा होता. मला त्याचा अंदाजही नव्हता. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केले आहे आणि यकृताच्या डॉक्टरांनी इंजेक्शनाची मात्रा १३५ वर आणली आहे. सासूबाईंनी ठिपका स्वतः रिमूव्हरने पुसला आणि काल त्यांनी यजमानांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली. पण त्या नवव्या खुणेबद्दल मी घरी बोलावे की न बोलावे, हे मला समजत नाही. बोलल्याने तो विचार आणखी बळावेल का?

निवृत्त_फिजिशियन

नाही, ताई, बळावणार नाही. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक माणसांना हायसे वाटते, कारण इतके दिवस ते ओझे एकट्याने वाहिलेले असते. सरळ शब्दांत विचारा: ‘जीव नकोसा वाटतो का? काही करावेसे वाटते का? कसे, ते मनात येते का?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोपर्यंत त्यांना एकटे सोडू नये. तोवरही घरातील सर्व औषधे तुमच्या ताब्यात कुलपात ठेवा आणि रोजची गोळी रोज हातात द्या. पेगइंटरफेरॉनच्या माहितीपत्रकात मानसिक दुष्परिणामांचा इशारा चौकटीत छापलेला असतो, इतके हे गंभीर मानले जाते. नैराश्याची गोळी सुरू केल्यानंतरचे पहिले काही आठवडे अधिक लक्ष ठेवायचे असतात. या काळात झोपेची गरजच न वाटणे, अखंड बोलणे, अचानक मोठे व्यवहार करायला निघणे असे काही दिसले तर तेही लगेच कळवा, कारण क्वचित मन उलट्या टोकाला जाते.

रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून आपल्या भाषेत बोलता येते. प्रत्यक्ष जायचे असल्यास कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

मात्रा कमी केली हे योग्यच झाले. एक गोष्ट आधीच मनात धरा: गोळीने उदासी आणि चिडचिड लवकर निवळते, पण इंटरफेरॉनचा थकवा आणि मंद भूक यांवर तिचा तितका परिणाम होत नाही. म्हणून ते दुपारी झोपलेले दिसले तर गोळी लागू पडत नाही असे समजू नका.

पहिल्यांदाच_लिहितो

हा धागा काही दिवस वाचतो आहे. मी विद्यापीठात शिकत असताना रक्तदान केले आणि रक्तपेढीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. आता टेनोफोव्हिरची रोज एक गोळी चालू आहे, इंटरफेरॉन कधीच घेतलेले नाही. तरीही वर लिहिलेले बरेच काही मला लागू पडते. ठरलेले लग्न समोरच्यांना आजार सांगितल्यावर मोडले. त्यानंतर कामात लक्ष लागत नाही आणि गोळी घेताना दर वेळी मनात येते की ही आयुष्यभर घ्यायची असेल तर कशाला घ्यायची. मध्ये काही दिवस मी ती घेतलीही नाही. माझ्या मनःस्थितीला ही गोळी कारणीभूत असेल का?

निवृत्त_फिजिशियन

टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर यांचा मनावर इंटरफेरॉनसारखा परिणाम होत नाही, त्यामुळे गोळीला दोष देऊन ती बंद करू नका. ती अचानक थांबवली तर विषाणू उसळून यकृताला गंभीर सूज येऊ शकते. मध्ये खंड पडला आहे, म्हणून या आठवड्यातच यकृताची तपासणी करून घ्या आणि खंड पडल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते रागावले तरी सांगा.

तुमच्या दुःखाचे कारण तुम्हीच लिहिले आहे. लोकांच्या अज्ञानाने तुमचे लग्न मोडले, आणि त्यातून आलेले नैराश्यही तितकेच खरे आणि तितकेच उपचार करण्यासारखे असते. हिपॅटायटिस बी असलेला माणूस लग्न करू शकतो. जोडीदाराने रक्त तपासून लस पूर्ण केली आणि प्रतिपिंडे तयार झाल्याची खात्री केली, म्हणजे तिला संरक्षण मिळते. पुढच्या वेळी बोलणी होतील तेव्हा ही माहिती देण्यासाठी मुलीकडच्यांना थेट डॉक्टरांच्या भेटीला घेऊन जा. मी अशी भेट अनेक कुटुंबांना दिली आहे आणि त्यातून जमलेली लग्नेही पाहिली आहेत. पण त्याआधी स्वतःसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि आज रात्री जड वाटले तर १४४१६ वर बोला. येथेही लिहीत राहा.

सूरसागर_काठ

भाऊ, सूरसागरच्या पाळीवर संध्याकाळी मी बहुधा असतो. येथे खासगी निरोप पाठवलात तर भेटू. मी डॉक्टर नाही, पण ऐकून घेऊ शकतो.

शिक्षिका_बडोदे

बऱ्याच आठवड्यांनी लिहिते आहे. यजमान दुकानात अर्धा दिवस बसतात. थकवा आहेच, दुपारी झोपतात, पण पहाटेची जाग जवळजवळ गेली आहे आणि मुलीशी त्यांचे पुन्हा जमू लागले आहे. मी त्यांना नवव्या प्रश्नाबद्दल विचारले. ते बराच वेळ बोलले आणि शेवटी म्हणाले की इंजेक्शनाने असे होऊ शकते, हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर मी स्वतःला इतके दोषी मानले नसते. उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत तरी सांगावे, अशी माझी येथे वाचणाऱ्या सर्व वैद्यकीय मंडळींना विनंती आहे.

एक शेवटची शंका. इंजेक्शने संपली की नैराश्याची गोळीही त्याच वेळी बंद करायची असते का?

निवृत्त_फिजिशियन

लगेच नाही. इंटरफेरॉन थांबल्यावर मन हळूहळू सावरते, काहींना त्यासाठी काही महिने लागतात. म्हणून गोळी पुढे काही महिने चालू ठेवून मग मानसोपचारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने ती कमी करतात. थायरॉइडच्या गोळीची मात्रा ठरवण्यासाठी ती सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचा असतो, आणि उपचारानंतर थायरॉइड पूर्ववत झाला तर ती गोळीही थांबवता येऊ शकते. शेवटच्या इंजेक्शनानंतर किमान सहा महिने यकृताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, कारण विषाणू त्या काळातही उसळू शकतो. त्या प्रत्येक भेटीला नऊ प्रश्नांचा तो कागद नव्याने भरून फाइलमध्ये लावून न्या.